ऐकू आलं नाही, एवढंच

वेधशाळेत तिला सगळे कानसेन म्हणत. एकवीस वर्षं ती आकाशाकडे कान लावून बसली होती. मोठ्या अँटेनाने पकडलेल्या रेडिओलहरींत कोणा परक्याने मुद्दाम घातलेली हाक सापडते का, हे शोधणं तिचं काम. सापडली नव्हती. म्हणून अहवालाच्या शेवटी तिने लिहिलं, ‘आजवर काही ऐकू आलं नाही.’

छापून आलेल्या प्रतीत होतं, ‘पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव नाहीत.’ खाली तिची सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला चहा तसाच ठेवून ती तरातरा संचालकांच्या खोलीत शिरली.

“सर, माझं वाक्य कोणी बदललं?”

“मी. अहो, अर्थ एकच की.”

“एकच? एवढ्या अब्जावधी ताऱ्यांतले आपण अकराशे तपासले. एकेकाला दिले वीस तास! तेवढ्यात तिकडे कोणी गप्प असेल तर? त्यांची हाक माणूस जन्मायच्या आधीच येऊन गेली असेल तर? की अजून वाटेतच असेल?”

“किंवा खरंच कोणी नसेल.”

“नसेलही! पण ते आपल्याला माहीत नाही. तसं लिहायला लाज कसली वाटते?”

संचालकांनी चष्मा पुसला. “मॅडम, उद्या पत्रकार येणार. ‘माहीत नाही’ ऐकायला कोण येतं?”

“म्हणून थापा मारायच्या?”

ते फाइलीत डोकं घालून बसले.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात त्यांनी ते वाक्य वाचलं आणि कानसेन मागच्या रांगेतून उठली. “सही माझी आहे, वाक्य माझं नाही!” माईक तिला कोणी दिला नाही, तिचं अडलंही नाही. अकराशे तारे, वीस तास, सगळं तिने खणखणीत सांगितलं.

“मग बाई, तिकडे कोणी आहे की नाही?” एका पत्रकाराने विचारलं.

“माहीत नाही.”

सभागृह खो खो हसलं.

बोभाटा झाला तसा अहवाल मागे घेतला गेला. तिचं वाक्य परत आलं. पण महिन्याभरात अँटेना दुसऱ्या विभागाला गेली आणि कानसेनची बदली ग्रंथालयात झाली.

“जिंकलीस की,” नवरा म्हणाला.

“डोंबल जिंकले!” तिने पर्स टेबलावर आदळली. “एकवीस वर्षांत काही आलं नाही म्हणून ऐकणंच बंद केलं त्यांनी. आता उद्या कोणी हाक मारली, तर ऐकायला आहे कोण तिथे?”

नवरा पाणी आणायला गेला.