दोन झाकणं, एक शेंदूर

गर्दी

धरणाच्या धक्क्यावर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. हरसूलच्या बाजाराला निघालेली माणसं बाजार विसरून थांबली होती. नाशिक रोडहून टेम्पो भरून आला होता. मालेगावचा एक कापडवाला बायकोच्या गुडघ्यांसाठी तिला खुर्चीसकट उचलून घेऊन आला होता.

धक्क्याला जुनी लाँच बांधलेली. तिच्या फळ्यांवर गोरक्षबुवा मांडी घालून बसले होते. त्यांनी समोरचं शेंदरी झाकण उघडलं, आत पळी बुडवली, पळीतलं पाणी समईत ओतलं आणि काडी ओढली.

समई पेटली. पाण्यानं पेटली.

१९७९ सालचा दसरा होऊन अकरा दिवस झाले होते, आणि त्यातले शेवटचे सहा दिवस ती रोज अशीच पेटत होती. माणसं हात जोडत होती, ओंजळीत तीर्थ घेऊन पीत होती आणि बाजूला जाऊन ओकत होती.

लाँच चालवणारा जयराम सुकाणूच्या चाकाला टेकून हे पाहत होता. त्याला काही वाटत नव्हतं. भाद्रपदात त्याची बायको चांगुणा गेली, तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. हात कामं करायचे, तोंड जेवायचं.

रांगेत सगळ्यात पुढे त्याची मुलगी यशोदा होती. सहा महिन्यांची गरोदर. आईच्या दिवसांना आली ती माहेरीच राहिली होती.

बुवांचं बोलणं

पाणी म्हंजे काय, तर शक्ती. शक्ती म्हंजे काय, तर अग्नी. मंग पाण्यात अग्नी का नसावा? सरकार धरणातून वीज काढतं, तवा कुणी इचारतं का, पाण्यात इस्तू कसा? धरण बांधलं तवा आईचं ठाणं खाली बुडालं. चौदा वर्सं आई पाण्यात बसली. आता वर आली. ज्याला उलटी व्हईल त्याचं पाप भायेर पडलं. ज्याला व्हनार नाय त्याचं पाप आत मुरलंय, त्यानं दोन पळ्या जास्त घ्याव्या.

म्हणजे उलटी झाली तरी बुवा खरे, न झाली तरी बुवा खरे. अशा बोलण्याला हरवायचं कुठून?

यशोदाला बुवांनी वेगळं सांगितलं होतं. तुझी आई देवीच्या पायाशी हाय, याच पाण्यातनं ती तुझ्याकडं येती. यशोदानं ओंजळ नाकाशी नेली आणि तिला पटलं. चांगुणानं वीस वर्षं नवऱ्याचे डिझेलनं माखलेले कपडे धुतले होते. त्या ओंजळीला आईच्या हातांचा वास होता.

जयरामला काय ठाऊक होतं

ही लाँच पलीकडच्या वाड्यांच्या सोसायटीची. माणसं ने-आण करायची, आणि शाळेला पिण्याचं पाणी न्यायची. पलीकडे विहीर नव्हती. म्हणून लाँचच्या पोटात डिझेलच्या टाकीशेजारी पाण्याची वेगळी टाकी होती. या काठावरच्या नळाचं स्वच्छ पाणी तिच्यात भरायचं. फळ्यांवर दोन्ही टाक्यांची झाकणं शेजारी शेजारी, एकाच मापाची. एकावर रंगानं लिहिलेलं ‘पाणी’, दुसऱ्यावर ‘डिझेल’.

खंडेनवमीला लाँचची पूजा असते. इंजिन, चाक, पाने-पक्कड, झाकणं, सगळ्यांची. दरवर्षी चांगुणा यायची आणि बोटानं एकेक टिळा लावायची. यंदा जयरामच्या घरात सण नव्हता, पण लाँच सोसायटीची. तिची पूजा चुकवता येत नव्हती. टिळा कसा लावतात हे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यानं तेलात शेंदूर कालवला आणि दोन्ही झाकणं हातानं लिंपून टाकली. अक्षरं गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं दोन डबे डिझेल भरलं. एक एका तोंडात. एक दुसऱ्या तोंडात.

शाळेला दसऱ्याची सुट्टी, म्हणून त्या टाकीचं पाणी कुणी काढलं नाही. चार दिवसांनी डिझेल संपून इंजिन भर धरणात बंद पडलं, तेव्हा त्याला कळलं. त्याच संध्याकाळी धक्क्यावरच्या देवळात उतरलेल्या बुवांनी समईत तेलाखाली घालायला टाकीतून पळीभर पाणी घेतलं, आणि त्यांनाही कळलं. बुवा बोलायला लागले. जयराम गप्प बसला. कळणं आणि बोलणं यांच्यामध्ये माणसात जे काही असतं, ते त्याच्यात बंद पडलं होतं.

आणखी एक कारण होतं. त्या सहा दिवसांत यशोदा दोनदा हसली होती.

आणि आज पहाटे तिच्या उलटीत रक्ताचा धागा होता.

बाटली

सहाव्या दिवशी दुपारी वत्सलाबाई आल्या. पलीकडच्या शाळेतल्या शिक्षिका, मूळच्या नाशिक रोडच्या बौद्ध वस्तीतल्या. लाँच गर्दीनं अडकलेली, म्हणून धरणाला वळसा घालून चौदा किलोमीटर चालत आल्या होत्या. शाळेत पाणी नव्हतं. मुलं धरणाचं गढूळ पाणी पीत होती आणि चौघांना जुलाब लागले होते.

जयरामला बाजूला घेऊन त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. डिझेल कधी भरलं, किती भरलं, इंजिन कधी बंद पडलं. जयरामनं उत्तरं दिली. बाईंनी दोन्ही शेंदरी झाकणांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

मग त्या सरबताची रिकामी बाटली घेऊन बुवांसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, एवढी भरून घेऊ का?

“तुमच्या लोकांना देव चालत नाय, बाई,” बुवा म्हणाले.

“पाणी चालतं, बुवा. स्वच्छ असलं की.”

दोघं-चौघं हसले. मालेगावचा कापडवाला म्हणाला, भरू द्या की, एका बाटलीनं देवी आटते का?

बाईंनी बाटली टाकीत बुडवून भरली, बूच लावलं आणि उन्हात ठेवून दिली. काही केलं नाही. मंत्र नाही, भाषण नाही. सगळे बाटलीकडे बघत राहिले. हळूहळू वर बोटभर पिवळसर थर जमला, खाली पाणी. बाईंनी बाटली उलटी केली. थर पुन्हा वर आला.

मग त्यांनी टाकीच्या तळाच्या नळातून पणतीत पाणी घेतलं, नवी वात घातली आणि काडीपेटी बुवांच्याच हातात दिली. बुवांनी सहा काड्या ओढल्या. वात चरचरली. पेटली नाही.

“आई वरच्या अंगाला असती,” बुवा म्हणाले.

“तेलही वरच्याच अंगाला असतं. ते पाण्यापेक्षा हलकं असतं.”

मग बुवांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला. आवाज चढवला, गर्दीकडे तोंड केलं. “मान्य. तेल हाय. पन टाकीत आलं कुठनं? कुणी ओतलं? हाय का कुणी सांगनारा?”

वत्सलाबाई सांगू शकल्या असत्या. त्या जयरामकडे वळल्या.

यशोदा झाकणाजवळ बसली होती. तिची ओंजळ तयार होती.

जयरामनं खिशातून पेचकस काढला, गुडघ्यावर बसला आणि झाकणावरचा शेंदूर खरवडायला लागला. आधी ‘पा’ दिसला. मग ‘णी’.

“मी ओतलं,” तो म्हणाला.

कुणीतरी मागून विचारलं, दारू प्यायला होता का? नाही, जयराम म्हणाला, दोन्ही झाकणं सारखीच लाल होती, ती मीच केली होती. हे सांगताना त्याचा आवाज हलला नाही. बुवा घाईघाईनं म्हणाले की आईनंच याच्या हातून करवून घेतलं. त्यावर कापडवाला बायकोच्या खुर्चीला हात घालत म्हणाला, “मग बुवा, पंपावर रोजच दर्शन आहे. एवढ्या लांब कशाला बोलावलं?”

लोक हसले, आणि बुवा त्या हसण्यातच सामान आवरायला लागले.

यशोदा हसली नाही. तिनं ओंजळ सोडली, हात लुगड्याला पुसले आणि बापाकडे न बघता उठली. नाशिक रोडच्या टेम्पोनं तिला दवाखान्यात नेलं. घसा आणि पोट भाजल्यासारखं झालं होतं. बाळाचे ठोके नीट होते.

टाकी कशी धुतात

खालचा नळ सोडून रिकामी करायची नाही. पाणी उतरतं तसं तेल उतरतं आणि उतरताना चारी बाजूंना चिकटत जातं. उलट करायचं. खालून पाणी चढवायचं आणि तेल वरच्या तोंडातून ओसंडू द्यायचं. ते डब्यात धरायचं. धरणात सोडायचं नाही, ते पाणी पुढे कुणीतरी पितं.

मग रिकामी करून चिंध्यांनी आतून पुसायची. मग कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. घासायचं, सोडायचं. पुन्हा. पुन्हा.

रबराची नळी फेकून द्यायची. रबर वास सोडत नाही.

शेवटी भरायची, दिवसभर ठेवायची, पांढऱ्या बशीत पाणी घेऊन उन्हात धरायचं. रंगीत तवंग दिसला तर पहिल्यापासून.

जयरामला चार दिवस लागले. सोसायटीनं त्याला काढलं नाही. दुसरा कुणी लाँच चालवणारा नव्हता. तेवढे दिवस वत्सलाबाई घागरी भरून बैलगाडीनं शाळेला पाणी नेत होत्या.

यशोदाचे दोन प्रश्न

तिसऱ्या दिवशी यशोदा धक्क्यावर आली. बाप टाकीत कंबरेपर्यंत वाकलेला होता.

“बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“तू हसत होतीस.”

ती टाकीच्या काठाशी बसली. मग म्हणाली, “आई कशानं गेली? खरं सांगा.”

जयराम बाहेर आला, हात पुसले.

“काविळीनं. भगतानं माळ बांधली होती गळ्यात, पुनर्नव्याच्या देठांची. म्हणाला, माळ लांब होईल तशी कावीळ उतरंल. माळ रोज लांब होत होती. छातीपर्यंत आली, पोटापर्यंत आली. आम्ही खूश. पंधरा दिवस दवाखान्यात नेलं नाही. ती गेल्यावर मी तसलीच एक माळ केली. माझ्या गळ्यात घातली.”

“मग?”

“लांबली. ओले देठ दोऱ्यात आवळतात. ते वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात. मला कावीळ नव्हती, यशोदा.”

आणि मग, भाद्रपदापासून पहिल्यांदा, तो रडला. टाकीच्या तोंडाशी बसून, सोड्यानं फाटलेले हात तोंडावर धरून.

यशोदानं त्याला रडू दिलं. मग विचारलं, गाठी कशा मारायच्या ते दाखवता का?

आठ दिवसांनी लाँच स्वच्छ पाण्यासोबत यशोदालाही घेऊन पलीकडे गेली. शाळेच्या पटांगणात वत्सलाबाईंनी वाड्यांमधल्या बायाबाप्यांना बोलावलं होतं. यशोदा सगळ्यांपुढे उभी राहिली. आठवड्यापूर्वी गळ्याशी घट्ट असलेली माळ तिच्या वाढलेल्या पोटावर लोंबत होती. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती, पण मागच्यांना ऐकू जाईल एवढं बोलली.

“माझे डोळे बघा. पांढरे आहेत. मला कावीळ नाही. तरी माळ लांबली, ती कुणाच्याही गळ्यात लांबते. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर दवाखान्यात न्या. त्याच दिवशी न्या.”