शिक्केबाईंची तारीख

“मी शेवटच्या दिवशीच आले होते, मॅडम! तुमच्या हातात कुलूप होतं. आठवा ना!”

शिक्केबाई अर्जाकडे बघत राहिल्या. मुदत तीस तारखेची, शिक्का एक तारखेचा. त्या एका दिवसापायी कासववालीचा अर्ज बाद झाला होता. एम.एस्सी.ची ही मुलगी नदीतल्या कासवांची घरटी राखायची, मोजायची. शिष्यवृत्ती नाही म्हणजे पुढचं संशोधन नाही.

विद्यापीठात एकतीस वर्षं अर्जांवर शिक्के मारून बाईंना हे नाव पडलं होतं. उद्याचं काम आज, हा त्यांचा बाणा. संध्याकाळी निघताना त्या शिक्क्याचं चाक फिरवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावत आणि मगच कुलूप हातात घेत. मुलगी तेव्हा आली असेल तर चूक बाईंची. दुसऱ्या दिवशी आली असेल तर पोरगी चक्क थापा मारत होती. तिच्या बुटांचा चिखल फरशीवर उमटला आणि आपण ओरडलो, एवढं बाईंना लख्ख आठवत होतं. पण कधी? विचार करून करून डोक्याचा भुगा झाला.

त्या साहेबांकडे गेल्या आणि चूक आपलीही असू शकते, तसं लेखी देते म्हणाल्या.

“तुम्हाला नक्की आठवतंय का?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“मग कशाला हात दाखवून अवलक्षण? निवृत्तीला अठरा दिवस राहिलेत. लेखी दिलंत तर सेवापुस्तकात शेरा येईल.”

बाईंना भीती वाटली. कोरं सेवापुस्तक हीच तर त्यांची घरीदारी मिरवायची गोष्ट. तरी जागेवर येऊन त्यांनी लिहिलं: ‘विद्यार्थिनी कोणत्या दिवशी आली ते मला आठवत नाही. मात्र तारीख आदल्या संध्याकाळी बदलण्याची माझी सवय आहे. ती चूक माझी. संशयाचा फायदा तिला मिळावा.’

साहेबांनी दोनदा वाचलं, सुस्कारा टाकला आणि अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला.

“थँक्यू, मॅडम,” कासववाली दारात थबकली. “पण मी खरंच त्याच दिवशी आले होते.”

“असशील गं बाई,” शिक्केबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सवयीने त्यांचा हात शिक्क्याच्या चाकावर गेला. क्षणभर तिथेच राहिला. मग त्यांनी शिक्का तसाच खणात ठेवला आणि कुलूप शोधायला लागल्या. ते त्यांच्या दुसऱ्या हातातच होतं.