शेवटचं पान टपरीवर

मी एक जुनं पुस्तक आहे मित्रांनो. पातळ, पिवळं पडलेलं आणि अजूनही रागावलेलं. म्हातारी पुस्तकं शांत असतात, कपाटात पडल्या पडल्या आशीर्वाद देतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. माझं शेवटचं पान ब्लेडने कापून काढलं होतं. तुम्ही बोलायला तोंड उघडावं आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला कुणीतरी तुमच्या तोंडावर हात ठेवावा, असं वर्षानुवर्षं चाललं तर तुम्ही आशीर्वाद द्याल का?

माझा जन्म तेव्हाच्या औरंगाबादेतल्या एका गल्लीतल्या छापखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडं भुताखेतांच्या गोष्टींची. आमच्या मालेचं नाव पिंपळमाला. मुखपृष्ठावर हिरवा पिंपळ आणि त्याच्या पानांतून बघणारे दोन डोळे. पुठ्ठा नाही, शिलाई नाही, दोन पिना मारल्या की झालं पुस्तक. एका भेळेच्या पैशात मिळायचो आम्ही. ज्यांच्या घरी काचेचं कपाट होतं ते आमच्याकडे बघून नाक मुरडायचे. भुताची पुस्तकं, म्हणे, डोकं नासवतात. आणि हीच माणसं जड पुठ्ठ्याची पुस्तकं काचेआड ठेवून द्यायची, ती वर्षानुवर्षं कुणी उघडायचं नाही. आम्हाला मात्र लोक मळकी होईस्तोवर वाचायचे. मग नाक कुणी मुरडायचं, सांगा!

माझ्या पोटात गोष्ट होती बायजाची. गावात एक आड होता, पण बायजाने त्याच्या दोराला हात लावायचा नाही, अशी गावाची रीत. तिने घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी घालणार. एका उन्हाळ्यात कुणालाच दया आली नाही. बायजा रिकाम्या घागरीपाशी तहानेने गेली. तेव्हापासून तिन्हीसांजेला आडाचा रहाट आपोआप फिरायला लागला आणि गाव पाण्याला जायला घाबरू लागलं. आड पाटलाचा. शेवटी तो एकटाच निघाला, भुताला हुसकून लावायला. आडापाशी पोचेपर्यंत त्याच्या घशाला कोरड पडली. आतून भरलेली घागर वर आली. बायजा म्हणाली...

आणि पान संपलं. पुढचं पान नाही!

ही करामत म्हाळूची. केजच्या बसस्टँडसमोर त्याची पत्र्याची टपरी होती. तो पुस्तकं भाड्याने द्यायचा. पण गिऱ्हाईक एसटीचं. पुस्तक घेऊन माणूस गाडीत बसला की दोघंही परत दिसायची नाहीत. म्हणून म्हाळूने युक्ती काढली. पिंपळमालेतल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान त्याने कापून घेतलं, कोपऱ्यात पेन्सिलने पुस्तकाचं नाव लिहिलं आणि सगळी पानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवली.

"शेवट हितं हाय," डबा थोपटत तो म्हणायचा. "पुस्तक दे, शेवट घे. उभ्या उभ्या वाचायचा, घरी न्यायचा न्हाई."

आणि लोक यायचे हो! धारूरला, अंबाजोगाईला गेलेले लोक परत यायचे. पुस्तक त्याच्या हातात द्यायचे, पान घ्यायचे आणि टपरीच्या सावलीत खांबाला टेकून वाचायचे. मागे कंडक्टर घंटी मारून मारून वैतागायचा. "ओ मामा, चला की! भूत काय पळून चाललंय व्हय?"

पण माझ्या जिवाचं काय? मला पोटाशी धरून लोक रडायचे, घाबरायचे, पण माझं सर्वांत मोलाचं वाक्य माझ्याजवळ नसायचं. म्हाळू माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात तो आम्हाला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायचा आणि स्वतः भिजायचा. तरी मी त्याला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

मग एकदा दोन वेण्यांची एक पोरगी मला घेऊन गेली. दहावीत होती. राजश्री तिचं नाव. दप्तरात भूमितीच्या पुस्तकामागे लपवून तिने मला वाचलं आणि "बायजा म्हणाली" पाशी येऊन ठेचकाळली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धापा टाकत टपरीवर आली, तर टपरीला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "म्हाळूमामा गेला की. कालच." ती मला छातीशी धरून कितीतरी वेळ त्या कुलपासमोर उभी होती. पुस्तक परत घ्यायला कुणी नव्हतं आणि शेवट द्यायलाही.

पुढे टपरीतली माझी भावंडं रद्दीत गेली. शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या त्यांच्या! ज्या पानावर हडळ पहिल्यांदा दार वाजवते, त्या पानात खारे शेंगदाणे. लोकांनी खाल्ले आणि पान चुरगाळून टाकलं. चिडू नको तर काय करू?

मी वाचलं, कारण मी उधार होतं. राजश्रीबरोबर तिच्या सासरी आलं. सासरी केजमध्येच छोटा छापखाना. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, निवडणुकीची पत्रकं. नवरा यंत्र बघायचा, धाकटा दीर प्रवीण कॉम्प्युटरवर बसायचा आणि राजश्री मुद्रितं तपासायची. तिची रांगती लेक एकदा कागदाच्या थप्पीपाशी आली आणि तिने माझा कोपरा चघळून ओला केला. तिला माझं सगळं माफ आहे. दात नसताना तिने मला चाखून बघितलं, एवढं प्रेम मला काचेच्या कपाटाने कधी दिलं नव्हतं.

त्या ओल्या कोपऱ्यावर फुंकर घालता घालता राजश्रीच्या मनाने घेतलं. "आपण पिंपळमाला परत काढू. तशीच पातळ, तशीच स्वस्त. पोरांच्या खिशाला परवडंल अशी."

जुन्या प्रकाशकाची मुलगी तिला शोधून सापडली. तिने फोनवर आनंदाने परवानगी दिली. "काढा, पण महाग करू नका. बाबांना आवडायचं नाही." बाकी पुस्तकांची एकेक धड प्रत तिच्या घरी निघाली. माझी मात्र एकही नाही. म्हणजे उभ्या जगात मी एकटंच, आणि तेही अपुरं.

"त्यात काय एवढं, वहिनी," प्रवीण म्हणाला. "शेवट मोबाईलकडून लिहून घेऊ. आत्ता देतो बघा."

आणि मोबाईलने खरंच शेवट दिला. चहा निवायच्या आत. त्यात एक मांत्रिक आला, त्याने लिंबू कापलं, भस्म फुंकलं आणि बायजाचा आत्मा कायमचा निघून गेला. गावकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मित्रांनो, माझ्या पिना तापल्या! बायजा, जी तहानेने मेली, ती लिंबाला भिऊन पळाली?

माझ्या वाटणीचं राजश्री बोलली. "सुटका गावाची? ज्यांनी तिला पाणी दिलं न्हाई त्यांची? अन् तिच्या वाट्याला लिंबू?"

"भुताची गोष्ट हाय, वहिनी. कोरटात केस हाय का तिची? कुनाला कळतंय!"

"मला कळतंय. बायजाचं तोंड दाबून मी पुस्तक छापायची न्हाई. मग पहिलं पुस्तकच निघायचं न्हाई, अन् माला बी न्हाई."

प्रवीणने मोबाईल खिशात घातला. वहिनी एकदा असं बोलली की छापखान्याचं यंत्रसुद्धा जरा हळू चालतं.

पानवाल्याकडून पत्ता मिळाला. म्हाळूचा मुलगा विलास कड्याला शिक्षक होता, आई मुक्ताबाई त्याच्याजवळच राहायची. राजश्रीने लेकीला सासूकडे दिलं, मला पदराखाली पिशवीत घातलं आणि बीडला गाडी बदलून आम्ही कड्याला गेलो.

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची. मुक्ताबाईंनी आधी तांब्या आणला, मग विचारलं, कोण गं तू. विलास सरांनी मात्र माझं मुखपृष्ठ पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे पुस्तक माझ्या दारात आणू नका, बाई," ते म्हणाले. "पिंपळ आमच्यासाठी बोधिवृक्ष हाय, भुतांची वस्ती न्हाई. गेल्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या पोरीच्या गळ्यात ताईत बांधला होता, ताप उतरावा म्हणून. मी तिला दवाखान्यात नेलं. आम्ही हे निस्तरायचं अन् तुम्ही परत भुतं छापायची?"

खरं सांगायचं तर त्या ताईताचा मलाही राग आला. पण मी कुणाला ताईत बांधायला सांगितलं होतं? आमच्यातल्या एका तरी पानावर लिहिलंय का, पोरीला दवाखान्यात नेऊ नका म्हणून? दुसऱ्याची पापं आमच्या पिंपळाला टांगायची, ही कुठली रीत!

"सर, तुमी ही गोष्ट वाचलीय का?" राजश्रीने विचारलं.

"लहानपणी. तापानं फणफणलो होतो. बायजा आडातनं वर येते, एवढंच ध्यानात हाय. म्हैनाभर आडावर गेलो न्हाई मी."

"अन् शेवट?"

आतून मुक्ताबाईंचा आवाज आला. "शेवट कुठला! बापाचा नेम लेकालाबी सुटला न्हाई. म्हनायचा, टपरीवर ये, पुस्तक दे, मंग वाच. ह्यो रुसला. 'मी काय गिऱ्हाईक हाय व्हय तुमचं?' म्हनला. गेलाच न्हाई."

"आई, जुनं कशाला काढतीस?"

"काढते! बाप गेला तरी ह्याचा रुसवा हायच. भ्या तेवढं घेतलं पुस्तकातनं, अन् पुढचं वाचायला पाय मोडले ह्याचे."

म्हातारीने पेटी उघडली. लुगड्यांच्या खालून बिस्किटाचा डबा वर आला. मित्रांनो, डब्यावरचं ते निळं झाकण मी लगेच ओळखलं.

"तू म्हनला व्हतास फेकून दे," म्हातारी लेकाला म्हणाली. "न्हाई फेकला."

विलास सरांनी डबा घेतला, पण उघडला नाही. दोन्ही हातांनी झाकण दाबून बसले. राजश्रीला विनवण्या करता आल्या असत्या. रडता आलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. ती उठली, मला पिशवीतून काढलं आणि सरांच्या पुढ्यात धरलं.

"हे तुमच्या टपरीचं पुस्तक. मी नेलं होतं. परत करायला आले तर कुलूप होतं." ती म्हणाली. "घ्या. पुस्तक परत. आता शेवटचं पान द्या."

मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. बापाचा नियम होता तो. रुसलेल्या लेकाला सूट नव्हती, आणि परत आलेल्या गिऱ्हाइकाला नकारही नव्हता.

त्यांनी मला हातात घेतलं. झाकण उघडलं. पानं चाळता चाळता एका कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. पेन्सिलीचं अक्षर म्हाळूचं होतं. सर उठून दाराच्या चौकटीला टेकले आणि उभ्या उभ्या वाचू लागले. आधी मनात. मग त्यांना कळलं की समोरची बाई इतकी वर्षं थांबली आहे. म्हणून मोठ्याने.

"बायजा म्हणाली, 'लांब उभा राहा, पाटील. ओंजळ कर. वरून घालते.' पाटील जागच्या जागी थांबला. मग वाकला. त्याने ओंजळ केली. बायजाने पाणी घातलं. ओंजळ भरून सांडेपर्यंत घातलं. तिने पाणी कधीच कुणाला नाकारलं नव्हतं. त्या दिवसानंतर रहाट आपोआप वाजला नाही. पण आडाच्या दोराला हात लावताना पाटलाला आपल्या ओंजळीची लाज वाटायची, आणि दोर धरायला त्याने पुन्हा कुणाला अडवलं नाही."

वाचून झाल्यावर सरांनी पानावरून हात फिरवला.

"मी आडाला भ्यालो," ते हळू म्हणाले. "बायजाच्या बाजूनं असायला पाहिजे होतं मी. अन् भ्यालो तिलाच."

"बापानं अर्धंच दिलं तुला," मुक्ताबाई म्हणाल्या. "अन् तू उरलेलं मागितलं न्हाईस. दोघंबी अडेल."

राजश्री डोळे पुसत हसली. "सर, पुस्तक तर मी परत केलं. आता छापायला काय नेऊ?"

विलास सरांनी स्वयंपाकघरातून कणकेची खळ आणली. मी त्यांच्या मांडीवर उताणं पडलेलं. ज्या ठिकाणी म्हाळूने ब्लेड फिरवलं होतं, त्या काठावर त्याच्या लेकाने बोटाने खळ लावली आणि पान जागच्या जागी बसवलं. जरा तिरकं बसलं. असू दे.

"न्या," ते म्हणाले. "भाड्यानं देतो. शेवटच्या पानासकट. छापून झालं की परत आणा अन् पोरांसाठी नवी बी आणा. वर्गात मी वाचणार, शेवटापर्यंत."

पिंपळमाला पुन्हा निघाली मित्रांनो. पातळ, दोन पिनांची, भेळेच्या पैशात मिळणारी. पहिलं पुस्तक माझंच. परवा स्टँडवरचा एक नवा टपरीवाला छापखान्यात येऊन म्हणाला, "ताई, शेवटचं पान सुटं द्या की. पुस्तकं परत येत्यात म्हनं." राजश्रीने त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्याने आपल्या हाताने पानं मोजून, पुरी आहेत ना हे बघून गठ्ठा उचलला.

माझा राग अजून गेलेला नाही. आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला एकच सांगणं. आम्हाला चघळा, मळवा, दप्तरात कोंबा, उशाखाली घेऊन झोपा. भ्या खुशाल. पण अर्ध्यात भिऊन आम्हाला टाकून देऊ नका, आणि कुणी आमचं शेवटचं पान काढून घेतलं तर गप्प बसू नका. जाऊन दारात उभे राहा आणि मागा. भुताला काय म्हणायचं होतं, ते नेहमी शेवटच्या पानावर असतं.