कंसाला एक बटण

टेबलावर एक जुना लॅपटॉप, दोन वह्या, एक कापडी मोजपट्टी आणि दोन वाट्या होत्या. डाव्या वाटीत त्रेचाळीस पांढरी बटणं, उजवी वाटी रिकामी.

मावशीने चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. आता हात थरथरायचा, कागदावर बाहीचा गोलवा उतरत नव्हता. आणि गोलवा नाही तर दुकान नाही. म्हणून पाच महिने ती एकटीच प्रोग्रॅमिंग शिकत होती. माप टाकलं की प्रिंटरने बाही काढून द्यावी, एवढंच मागणं. कोड लिहायला एडिटर निवडला तोही माउस न लागणारा. भाषा मात्र महाखट. कंसात कंस, त्यात आणखी कंस. कंस उघडला की मावशी एक बटण उजव्या वाटीत टाकायची, मिटला की परत डावीकडे.

"उजवी वाटी रिकामी आहे," ती भाचीला म्हणाली, "तरी हा लॅपटॉप म्हणतो एक कंस जास्त."

भाचीचं पोटच प्रोग्रॅमिंगवर चालायचं. "सरक, दहा मिनिटांत लिहून देते."

"दे की. दुकानावर पाटीही तुझीच लाव."

भाची बाजूला बसून बघत राहिली. मावशीने कंस उघडला की मिटणारा कंस एडिटर आपणहून घालत होता. मावशी तो लगेच खोडायची आणि नंतर स्वतःचा घालायची.

"हे काय करतेस?"

"दुसऱ्याने घातलेला टाका मी ठेवत नाही."

भाचीला हसू आलं. "मग एक उसवायचा राहिलाय. लांब ओळी शेवटपर्यंत बघ."

एकोणिसावी ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेली होती. तिच्या टोकाला तो परका कंस निवांत बसला होता. मावशीने तो उडवला.

"हे आपोआप घालणं बंद करता येतं, मावशी. सेटिंगची एक ओळ."

"पाच महिने उसवतेय मी, आणि तू आज सांगतेस?"

"तू विचारलंस कधी?"

"तू आलीस कधी?"

भाचीने प्रिंटरमध्ये कागद भरले. चार पानं आली, ती मावशीने चिकटवून घेतली: एक बाही आणि ती जिथे जोडायची तो अंगाचा गोल काठ, म्हणजे मुंढा. बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त हवा. त्याहून कमी झाला तर खांदा ओढतो, जास्त झाला तर चुण्या पडतात. मोजपट्टी मावशीने भाचीच्या हातात दिली आणि स्वतः वही उघडली.

"सांग."

भाचीने पट्टी काठावर उभी धरून वळणावळणाने नेली, आधी मुंढ्यावरून, मग बाहीच्या गोलव्यावरून.

मुंढा, ४४.० सेंटिमीटर. बाहीचा गोलवा, ४६.० सेंटिमीटर.