तरीही उघडा

वेबसाइटच्या लिंका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिवसभर वाकडेतिकडे पत्ते चारायची. मध्येच जागा सुटलेले, टिंब दोनदा पडलेले, शेपूट तुटलेले. एकालाही ते फसलं नाही की स्वारी खूश! ऑफिसात तिचं नावच पडलं होतं चिकित्सकबाई. प्रोग्रामरने नापास लिंकेखाली 'तरीही उघडा' असं बटण ठेवलं, तर बाई हट्टालाच पेटली. "बटण दिसलं की माणूस दाबणारच!" शेवटी बटण गेलं, आणि ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तेच सॉफ्टवेअर बसलं.

त्या दुपारी हॉस्पिटलची मेल आली. दूरच्या शहरात आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं; आत नेण्याआधी मायलेकींना घटकाभर व्हिडिओवर बोलता येणार होतं. तिने लिंक दाबली. लाल पट्टी! पत्ता सदोष.

आता करा काय करायचं ते! मोबाइल दारापाशी कपाटात बंद. चाचणी संपेपर्यंत तो कुणालाच मिळत नसे. मेलला उत्तर पाठवावं तर ते परत येत होतं. पत्त्यात मधेच एक रिकामी जागा होती. तिने ती मिटवली, मग तिथे आडवी रेघ घातली. सॉफ्टवेअरने दोन्ही वेळा सोडलं, पण पान काही सापडेना.

ती प्रोग्रामरच्या टेबलाशी गेली. "अरे, ते बटण... कुठे शिल्लक आहे का रे?"

एरवी त्याने तिची सालटी काढली असती. आज तो मुकाट्याने उठला. त्याच्याकडे जुनी आवृत्ती होती. तिने जीव मुठीत धरून 'तरीही उघडा' दाबलं. पान मिळालं नाही.

"लिंकच तुटकी आलीय गं," तो म्हणाला.

म्हणजे तिचं सॉफ्टवेअर बरोबरच होतं. स्वतःच्या त्या बरोबर असण्याचा तिला असा काही संताप आला की ती तडक दाराशी गेली.

"काका, माझा मोबाइल द्या."

"मॅडम, चाचणी चालू आहे ना?" गार्डकाका चाचरले.

"खड्ड्यात गेली चाचणी! द्या म्हणते ना!"

आईचा फोन नर्सने उचलला. "आत्ताच आत नेलं हो त्यांना. केव्हाच्या फोनकडे बघत बसल्या होत्या."

"काही म्हणाली का?"

"म्हणाल्या, माझी लेक यातलीच आहे, तिचं काही चुकायचं नाही. मलाच मेलीला बटण दाबता आलं नसेल."