रोज सकाळी 'यशस्वी'

मी बॅकअप सर्व्हर बोलतोय. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका बंदरगावात, नगरपालिकेच्या तळघरात, पाणी तापवायच्या टाकीशेजारी माझं बिऱ्हाड आहे. गावाच्या संगणकांत जे साठतं त्याची रोज एक प्रत काढून ठेवायची, एवढंच माझं काम. ती प्रत परत मागायला मात्र कधी कुणी आलं नव्हतं. सरकारी नोकरीत याहून सुखाचं पद मला तरी ठाऊक नाही.

रोज सकाळी मी लॉकीला एका शब्दाचा अहवाल पाठवत असे: 'यशस्वी.' लॉकी हा गावाचा एकमेव संगणकवाला. तो हिरवा शब्द बघायचा आणि समाधानाने चहात दूध ओतायचा. आमचे संबंध उत्तम होते, कारण दोघांनीही एकमेकांना कधी काही विचारलं नाही.

पुढे माझं सॉफ्टवेअर म्हातारं झालं. नवी आवृत्ती घालायचं ठरलं. लॉकी सावध माणूस. आधी दुसऱ्या यंत्रावर रंगीत तालीम करू, सुखरूप पार पडली तरच खऱ्याला हात लावू, असं त्याने बैठकीत मांडलं. बैठकीत ओटची बिस्किटं होती, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तालमीला यंत्र कुठलं?" नगराध्यक्षा थेरेसाने विचारलं.

"वाचनालयातला जुना संगणक. पुसून कोरा करतो."

वाचनालय सांभाळणाऱ्या इशबेलचं बिस्किट हातातच राहिलं. त्या संगणकात गावच्या जुन्या कोळ्यांचे आवाज होते. त्यांची गाणी, वादळांच्या हकिकती. मूळ टेपा बुरशीने कधीच खाल्ल्या होत्या. आता हयात नसलेले तिचे वडीलही त्यात बोलत होते.

"अहो, सगळं खाली सर्व्हरवर आहे," लॉकी म्हणाला. "रोज यशस्वी येतंय."

"येऊ दे की. पुसायच्या आधी बाबांचं बोलणं तिथून काढून ऐकव."

"इशबेल, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे. पण तुझा बापसुद्धा सापळे वर ओढायच्या आधीच लॉबस्टरचं गिऱ्हाईक ठरवायचा!"

सगळे हसले. लॉकी लालबुंद होऊन तळघरात उतरला. मागोमाग इशबेल.

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काही परत मागत होतं. मी लगबगीने आवाजांचा कप्पा उघडला. आत काहीच नव्हतं.

झालं होतं असं: मागे कधीतरी आवराआवर करताना लॉकीनेच ते आवाज वाचनालयातल्या संगणकातच एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवले. मला सांगायचं राहिलं. माझ्याकडच्या जुन्या प्रती मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे पुसल्या गेल्या, आणि मी निष्ठेने रिकामा कप्पा जपत राहिलो. रिकाम्या कप्प्याची प्रत नेहमीच यशस्वी होते.

लॉकीचा चेहरा पांढरा पडला. इशबेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, चहा टाकते. आज काही पुसू नकोस."

चहानंतर त्याने वाचनालयातले सगळे आवाज माझ्यात भरले, आणि एक परत मागून पाहिला. तळघरात इशबेलचे वडील बोलू लागले. म्हाताऱ्याने धक्क्याच्या दुरुस्तीवरून नगरपालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या. इशबेल हसता हसता रडली.

तालीम मग वाचनालयातला संगणक सोडून वेगळ्याच यंत्रावर झाली. माझं नवं सॉफ्टवेअर 'यशस्वी' हा शब्द पूर्वीपेक्षा सुंदर हिरव्या रंगात लिहितं. कृपा करून त्याच्यावर विसंबू नका. अधूनमधून खाली या, काहीतरी परत मागा. नसलंच माझ्याकडे, तर निदान वेळेवर कळेल.