सोवेटोतलं जेवण

मराठी मंडळाची कुठलीही ट्रिप असो, राबायला प्रफुल्लच. डब्लिनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, पण तो कधी कुणाला नाही म्हणाल्याचं आठवत नाही. यंदा साउथ आफ्रिका ठरली होती. बावीस माणसं, त्यांत प्रफुल्लची आई गिरजाबाईसुद्धा, आणि एक दिवस सोवेटोचा. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना जोहान्सबर्गबाहेर ढकलून वसवलेली ही वस्ती. तिथेच राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका ती पायी फिरवून दाखवत आणि दुपारी आपल्या घरी जेवू घालत.

निघायला आठवडा राहिला असताना, शनिवारी सकाळी मंडळाचा अध्यक्ष संजीव याचा फोन आला.

"यार प्रफुल्ल, टूर ठीक आहे, हिस्ट्री आहे. पण ते घरातलं जेवण कॅन्सल कर. कुठलं पाणी, कुठली भांडी! आमची सीमा सगळ्यांसाठी दशम्या घेतेय, बसमध्ये खाऊ. आणि खरं कारण सांगू नकोस हं, नीट गुंडाळून सांग."

घ्या! माणसांची घरं बघायची, फोटो काढायचे आणि दशम्या मात्र आपल्या. प्रफुल्लच्या अगदी ओठांवर आलं, अहो, आमचंही घर तसंच होतं, नागपूरच्या वस्तीतलं, पत्र्याचं. अकरा वर्षं हे वाक्य ओठांपर्यंत येऊन माघारी जात होतं. ते बाहेर पडलं की बोलावणी कमी होतील, नाहीतर सगळे फार गोड बोलायला लागतील. त्या गोड बोलण्याचाच त्याला जास्त धसका होता.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने सोवेटोला फोन लावला. आमची मंडळी पोटभर खाऊनच येतील, तुम्ही त्रास घेऊ नका, असं सांगितलं. शिक्षिकाबाई नुसतंच "जशी तुमची इच्छा," म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना सवय होती.

"काय म्हटलं तिले?" गिरजाबाईंनी विचारलं.

थाप रचायचंही त्राण नव्हतं. त्याने सगळं खरं सांगितलं.

"तू तिसरीत होता," गिरजाबाई म्हणाल्या. "तुह्या बाई आल्या होत्या आपल्याकडे. मी शेजारून नवा कप मागून आणला. 'आत्ताच घेऊन आले,' म्हणे, अन् दारातूनच गेल्या. तो चहा मी मोरीत ओतला."

"आई, मी दमलो गं. कुणाकुणाला काय काय सांगू?"

"कोणाले नको सांगू. तिले फोन लाव. एक म्हातारी जेवते म्हण."

त्याने पुन्हा फोन लावला आणि दोघांचं जेवण सांगितलं. शिक्षिकाबाई हसल्या. आईंना काय आवडतं, असं त्यांनी विचारलं.

"घरात शिजंल ते," गिरजाबाई म्हणाल्या.

मग प्रफुल्लने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'आई आणि मी बाईंकडे जेवणार आहोत.' लगेच सीमाचं उत्तर, 'अय्या, का?'

त्याने लिहिलं, 'आमचं घर तसंच होतं. वस्तीतलं.' आणि परत न वाचताच पाठवून टाकलं.

एकेकाने मेसेज वाचल्याचं दिसत गेलं. संध्याकाळी संजीवचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, एकट्या प्रफुल्लला.

'ट्रिपचं बाकीचं आता आम्ही बघतो. तू फार केलंस. थोडा आराम कर.'